विमानाचे लँडिंग लाईट गाडीला लावता येतील का? सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोर बाजारात विमानाचे दोन लँडिंग लाईट स्वस्तात मिळाले, कडेवर ४५५३ आणि २८ व्होल्ट, २५० वॅट असं छापलंय. बोलेरोच्या बंपरवर ते बसवायचे आहेत, कारण डोंबिवलीहून चिपळूणला रात्री जाताना घाटात आणि अर्धवट झालेल्या हायवेवर हेडलाईट पुरत नाही. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला की झालं, असं गॅरेजवाला म्हणतो. खरंच होईल का?

हे दिवे त्या गाडीवर नीट पेटणारच नाहीत. १२ व्होल्टवर चालणारे दुसरे लँडिंग लाईट आणले तर पेटतील, पण रस्त्यावर वापरता येणार नाहीत. आणि वापरता आले असते तरी घाटातली अडचण त्यांनी सुटली नसती. या तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी व्होल्टेज. फिलामेंटचा बल्ब व्होल्टेजला फार हळवा असतो. प्रकाश साधारण व्होल्टेजच्या ३.४ घाताने बदलतो, वॅट १.६ घाताने आणि आयुष्य उलट्या दिशेने १३ घाताने. तुमच्या गाडीत इंजिन चालू असताना दिव्यापाशी १३.५ व्होल्ट पोचले असं धरू. २८ व्होल्टच्या दिव्याला हे निम्म्याहूनही कमी. हिशोब केला तर प्रकाश मूळच्या ८-९ टक्क्यांवर येतो. ४५५३ पूर्ण व्होल्टेजवर झोताच्या मध्यभागी सुमारे ३ लाख कँडेला (झोताची प्रखरता मोजायचं एकक) देतो, तो तुमच्याकडे २५ हजारांच्या आसपास देईल, तोही तांबूस पिवळा. तेवढा उजेड तुमच्या आत्ताच्या हेडलाईटच्या अप्परमध्ये, म्हणजे हाय बीममध्ये, आहेच. वर हा दिवा त्यासाठी जवळजवळ ८० वॅट खाईल. म्हणजे बल्ब खराब नाही, रिले बरोबर आहे, वायर जाड आहे, तरी उजेड नाही. या फसगतीनंतर लोक वायरमनला दोष देतात.

१२ चे २८ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर लावू का, असा पुढचा प्रश्न येईलच. दोन दिव्यांना ५०० वॅट बाहेर काढायचे तर ९० टक्के कार्यक्षमता धरून बॅटरीकडून ४० अँपियर ओढावे लागतात. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरवर लिहिलेले वॅट हे पंखा लावून, क्षणभरापुरते असतात. शिवाय थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतका असतो. कन्व्हर्टरला तो शॉर्टसर्किट वाटतो आणि तो चालू होताहोताच बंद पडतो. हा मार्ग सोडा.

१२ व्होल्टच्या गाडीला लागणारे नंबर वेगळे आहेत. हे दिवे आकाराने ओळखले जातात: पार (आतच आरसा असलेला बंद काचेचा दिवा) ३६, ४६, ५६, ६४. हा आकडा इंचाच्या आठव्या भागात मोजलेला व्यास असतो. ३६ म्हणजे साडेचार इंच, ४६ म्हणजे पावणेसहा, ५६ म्हणजे सात (जुन्या जीपच्या गोल हेडलाईटएवढा) आणि ६४ म्हणजे आठ इंच. छोट्या विमानांत सर्रास दिसणारा ४५०९ हा पार ३६, १३ व्होल्ट, १०० वॅट, सुमारे १ लाख १० हजार कँडेला. ४५२२ हा पार ४६, १३ व्होल्ट, २५० वॅट. मोठ्या विमानांतला ४५५९ हा पार ६४, २८ व्होल्ट, ६०० वॅट, ६ लाख कँडेला. गाडीसाठी विचार करायचाच तर पहिल्या दोघांचा.

आता आयुष्य. यांचं छापील आयुष्य २५ तास असतं. महिने नाही, तास. विमान उतरताना आणि चढताना काही मिनिटं लावायचा दिवा आहे तो. कमी वजनात जास्तीत जास्त प्रकाश हवा म्हणून फिलामेंट मुद्दाम त्याच्या सोसण्याच्या टोकापर्यंत तापवलेली असते. हे २५ तास १३ व्होल्टवरचे. गाडीचा ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणारा जनरेटर, १४.२ व्होल्ट देतो. जाड वायर टाकून ते सगळे दिव्यापर्यंत पोचवले तर प्रकाश ३५ टक्के वाढतो, पण आयुष्य ८ तासांवर येतं. चिपळूणच्या दोन-तीन फेऱ्यांत दिवा गेला. म्हणून इथे मी एरवीच्या उलट सल्ला देतो: वायरमध्ये अर्धा व्होल्ट पडत असेल तर पडू द्या. १३.७ व्होल्टवर निदान १२ तास तरी मिळतात. नंबरापुढे क्यू असलेले हॅलोजन प्रकार जास्त टिकतात, पण तेही घाटात तासन् तास जाळण्यासाठी नाहीत.

भंगारात मिळणारा दिवा बहुधा विमानातून काढून टाकलेला असतो हे लक्षात ठेवा. काचेच्या आत काळसर थर म्हणजे टंगस्टन उडून काचेवर बसलंय, आयुष्य संपत आलंय. पांढुरका दुधी डाग म्हणजे आत हवा शिरली, तो पेटताच जाईल. मल्टीमीटरने तार अखंड आहे एवढंच कळतं. थंड रोध इतका कमी असतो की चांगल्या-वाईटाचा फरक साध्या मीटरवर दिसत नाही.

मग कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला मनाई करतो. अपवाद फक्त खास परिस्थितीचा, तोही नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओची, आधी परवानगी घेऊन. नियम १०६ म्हणतो की पुढच्या दिव्याचा झोत एकतर कायमचा खाली झुकलेला हवा, नाहीतर ड्रायव्हरला तो खाली झुकवता आला पाहिजे. मोजमापही दिलंय: ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. लँडिंग लाईटला डिपर नसतो आणि झोताला वरची कडक कडही नसते. नियम बाजूला ठेवले तरी आकडे बघा. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत गाडीच्या सगळ्या हाय बीमची मिळून कमाल मर्यादा ४ लाख ३० हजार कँडेला आहे. २५० वॅटचे दोन लँडिंग लाईट एकटेच ती ओलांडतात. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला दोन सेकंद काही दिसलं नाही आणि तो ४० च्या वेगात असला, तर २२ मीटर बस आंधळी चालते. वळणावर तेवढ्यात दरी येते.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी तुम्ही हा प्रश्न विचारलात. घाटात अंधार वाटतो तो लांबचं दिसत नाही म्हणून नव्हे. ओल्या रस्त्यावर ४० च्या वेगात ब्रेक मारायला, सावध व्हायचा वेळ धरून, ३० ते ३५ मीटर लागतात. ८० च्या वेगात शंभरेक मीटर. १ लाख १० हजार कँडेलाचा झोत ३३० मीटरवर १ लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) पाडतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या कितीतरी पट. तेवढं लांबचं घाटात बघायचं कुठे? ३३० मीटरच्या आत तीन वळणं येऊन जातात. झोताची रुंदी दहा अंश धरली तर ५० मीटरवर तो पावणेनऊ मीटर रुंद पडतो, पण १५ मीटरवर जेमतेम २.६ मीटर. वळण घेताना तुम्हाला बघायची असते आतली कड, गटार, रस्त्यात बसलेली गुरं, डावीकडून चालणारा माणूस. उजेड मात्र सरळ दरीपलीकडच्या झाडांवर. वर डोळे त्या प्रखर ठिपक्याला सरावतात आणि आजूबाजूचा काळोख आणखी गडद होतो. वळणावरच्या चकचकीत पाट्या एवढा उजेड परत फेकतात की पाटीवरचं अक्षरही वाचता येत नाही. पाऊस आणि धुकं असेल तर समोर पांढरी भिंत. जुलैत कोकणात जाणाऱ्याने हा शेवटचा मुद्दा दोनदा वाचावा.

एवढ्यावरही काही जणांना हे बसवायचे असतात, आणि त्यांची कारणं खरी असू शकतात: खासगी जमिनीवरची ऑफ-रोड शर्यत, फार्मवरची गाडी, आरटीओची परवानगी असलेलं शोधकार्याचं वाहन. त्यांच्यासाठी पुढचं. रस्त्यावर जाताना दिव्यांवर झाकण आणि फ्यूज बाहेर, हे गृहीत धरतो.

करंटचा हिशोब आधी. १३ व्होल्टला २५० वॅट म्हणजे १९ अँपियर, दोन दिव्यांचे ३८. हेडलाईटचे ९, रेडिएटर फॅनचे १५ ते २५, वायपर, ब्लोअर, इंजिनचं स्वतःचं खाणं यात मिळवा. ऑल्टरनेटरवर लिहिलेला आकडा वेगात असतानाचा असतो. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, त्याच्या जेमतेम निम्मा करंट मिळतो, आणि हळू चालणाऱ्या गाडीत बराच वेळ आयडलच असतो. अंदाजावर जाऊ नका. सगळं चालू करून, एसीसह, आयडलला बॅटरीवर मीटर लावा. १३.२ च्या खाली उतरत असेल तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होतेय. अशा वेळी २५० चे दोन न लावता १०० चे दोन लावा, एकूण १५-१६ अँपियरमध्ये काम होतं. माझं मत विचाराल तर गाडीवर १०० वॅटच्या पुढे जाण्यात मजा कमी आणि कटकट जास्त आहे.

प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र रिले. एकाच रिलेवर दोन्ही टाकले तर एका बिघाडात सगळा अंधार, आणि काँटॅक्टवर दुप्पट मार. बॅटरीच्या प्लसपासून १५-२० सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवा, कारण फ्यूजच्या आधीची वायर घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं काही नसतं. २५० वॅटला ३० अँपियरचा ब्लेड फ्यूज आणि ४ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर. १०० वॅटला १५ अँपियर आणि २.५ चौरस मिलिमीटर. लोहार चाळीत वायर घेताना एक तुकडा सोलून बघा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर आतून पांढरी निघते. ती नको.

रिलेच्या ३० नंबरला फ्यूजकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ कॉइलला. डायोड असलेला रिले असेल तर ८६ ला प्लस, उलटं जोडलं तर डायोड जळतो. कॉइलचा प्लस हाय बीमच्या वायरवरून, मध्ये डॅशबोर्डवरचा स्विच घालून घ्या. त्यामुळे डिपर मारला की हे दिवेही जातात. नव्या गाड्यांत हाय बीम कधी कंप्युटर सांभाळतो, कधी प्लस कायम असतो आणि माइनस तोडला जातो. म्हणून वायर कापण्यापूर्वी मीटर लावून खात्री करा.

रिलेवर ४० अँपियर लिहिलेले असतात ते हीटरसारख्या साध्या लोडचे. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी दहापट करंट ओढते आणि त्या ठिणगीत काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात. मग स्विच बंद करूनही दिवा पेटलेलाच राहतो. या सगळ्या बसवणीतला हा सर्वांत वाईट बिघाड, कारण समोर गाडी आली तरी तुम्हाला तो घालवता येत नाही. २५० वॅटच्या दिव्याला ७० अँपियरचाच रिले लावा, आणि फ्यूज हात पोचेल अशा जागी ठेवा. रिलेची टोकं खाली तोंड करून हवीत, नाहीतर मुंबईचा एक पावसाळा पुरतो गंज चढायला.

अर्थिंगसाठी बंपरच्या रंगवलेल्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. दिव्याची माइनस वायर प्लसइतकीच जाड घेऊन चासीच्या खरवडून उघड्या केलेल्या जागी बोल्टने आवळा आणि वर ग्रीस लावा. बॅटरीच्या माइनस टोकावर करंट मोजणारा सेन्सर असेल तर वायर थेट त्या टोकाला नको, चासीलाच द्या. नाहीतर गाडीचा कंप्युटर चुकीचा हिशोब करत राहतो.

दिव्याच्या पाठीमागे दोन स्क्रू असतात, तिथे वायरच्या टोकाला गोल लग (धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट करून, बसवा. स्क्रू जोर लावून पिळला तर काचेतून जाणारा सांधा तडकतो. हवा आत, दिवा गेला. वायरला दिव्यापासून थोड्या अंतरावर क्लिप लावा, म्हणजे तिचं वजन आणि हादरे त्या सांध्यावर येत नाहीत. दिव्याजवळचा तुकडा सिलिकॉन किंवा फायबरग्लास स्लीव्हमधून न्या, साधं पीव्हीसी मऊ पडतं.

उष्णता हा गाडीवरचा खास त्रास. विमानात दिव्यावर जोराची हवा असते, आणि जमिनीवर तो उगाच लावून ठेवत नाहीत. घाटात २० च्या वेगाने रांगणाऱ्या गाडीला तशी हवा नाही. प्लॅस्टिकच्या बंपरपासून निदान सात-आठ सेंटीमीटर लांब ठेवा, ट्रॅक्टरचं रबरी खोकं वापरू नका (मापाला पार ३६ बसतो, म्हणून मोह होतो, पण ते कमी वॅटच्या दिव्यासाठी असतं), आणि चालू दिव्यावर प्लॅस्टिकचं झाकण कधीही नाही. तापलेल्या काचेवर खड्ड्यातलं गार पाणी उडालं की तडा जाऊ शकतो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी दिवे बंद करायची सवय लावा. दगडासाठी पुढे तारेची जाळी पुरते.

ब्रॅकेट चासीला किंवा चासीला धरलेल्या लोखंडी बारला, कमीत कमी ८ मिलिमीटरच्या बोल्टने. नुसत्या एका खालच्या बोल्टवर डोलणारा दिवा झोतही डोलवतो आणि फिलामेंटही तोडतो. काचेवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर तीच वर ठेवा, कारण काही काचांचा झोत आडवा पसरण्यासाठी बनवलेला असतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा १७-१८ सेंटीमीटर खाली आणा, म्हणजे एक अंश. पहिल्यांदा अर्धा मिनिटच पेटवा, दिव्याच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजा, मग पाच मिनिटं पेटवून बंद करा आणि लग, फ्यूज होल्डर, रिले हाताने चाचपून बघा. हात ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा करा.

आता तुमच्या बोलेरोबद्दल, कारण तुमची खरी गरज तिथे आहे. हेडलाईट पेटवून, इंजिन चालू ठेवून, बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि सॉकेटवर १२.२ असा फरक आढळणं अजिबात नवल नाही. रिलेचं हार्नेस (रिलेसकट तयार वायरिंगचा संच) टाकून तेच १३.४ केले तर ३.४ घाताच्या त्याच नियमाने ६०/५५ वॅटचा तोच एच ४ बल्ब ३५ टक्क्यांहून जास्त उजेड देतो, तोही मूळ रिफ्लेक्टरमधून, डिपरसकट, नियमात बसून. ९० आणि १०० वॅटचे बल्ब टाकू नका, सॉकेट आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजतात. हेडलाईटचं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर ८००, १५००, २००० असा पाणकागद चढत्या क्रमाने मारून, पॉलिश करून वर यूव्ही क्लिअर कोट द्या. कोट टाळलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. समोरच्या काचेवर आतून बसलेला तेलकट थर पुसा. गणपतीला मागे सामान आणि माणसं भरली की गाडीचं नाक वर जातं आणि लो बीम समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, तेव्हा लेव्हलिंगचं बटण असेल तर खाली करा. घाटासाठी आणखी काही हवंच असेल तर खाली बसवलेले, रुंद पसरणारे, मान्यताप्राप्त फॉग लॅम्प. त्यांनी आतली कड दिसते.

राहिले तुमचे दोन ४५५३. ते फेकू नका. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात. त्यावर हा दिवा पूर्ण प्रकाशाच्या साठेक टक्के देतो, करंट ८ अँपियरच्या आसपास, आणि त्याच १३ घाताच्या नियमाने २५ तासांचं आयुष्य पावणेदोनशे तासांच्या घरात जातं. ६० अँपियर-तासाच्या दोन बॅटऱ्यांवर एक दिवा तीन-चार तास सहज चालतो, त्यापुढे बॅटरी खोल उतरवू नका. गावच्या घरी रात्री विहिरीत पंप अडकला, आंब्याच्या बागेत काही शोधायचं असलं, तर स्टँडवर लावून हा दिवा उत्तम. १५ अँपियरचा फ्यूज मात्र तिथेही लागेल, आणि स्टँड लाकडी असेल तर मागे पत्रा लावा.